हवा कुठून येते

केळशीकर बाईंची पद्मिनी
स्वारगेटच्या सिग्नलला थांबली की थरथरते,
हिरवा होईपर्यंत कधी बंदच.
टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या बाई
तक्रारही मोजून करतात:
उभी असताना त्रास. पळताना नाही. उद्या हवी.

मी चोक अर्धा ओढला. शांत झाली.
म्हणजे पेट्रोल येतंय तेवढंच, हवा जास्त.
कुठूनतरी चोरवाटेने आत शिरतेय
कार्ब्युरेटरला न विचारता.
फिल्टरचं डबडं काढलं,
तळवा दाबून धरला त्याच्या तोंडावर.
धडधाकट इंजिन अशा वेळी गुदमरून मरतं.
ही मरेना.
खोकत, लंगडत,
दुसरीकडून श्वास घेत राहिली.

मग नेहमीचं काम.
स्प्रेची बारीक पिचकारी
कार्ब्युरेटरच्या बुडाशी, गॅस्केटच्या कडेने,
डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या नळीवर,
आणि कान देऊन थांबायचं, आवाज कुठे चढतो.
पण पंखा सगळं उडवून लावतो,
आणि दांडेकर पुलावर दुपारी
पीएमपीवाले हॉर्नवर हात ठेवूनच जेवतात बहुतेक.

रबरी नळीचं एक टोक कानात धरलं,
दुसरं फिरवत राहिलो इंजिनभर.
चाळीस वर्षं या नळीने मला सांगितलंय,
इथे. नाही, जरा डावीकडे. हां, इथे.
आज नळी रिकामी.
मी मान डोलावली,
जणू काही कळलंय.

आम्रपाली, औंधच्या आयटीआयची, तिसरा महिना,
चार हातांवर पाना पुसत उभी होती.
कानाला नळी नाही, काही नाही.
म्हणाली, उस्ताद, मागून येतंय.
मॅनिफोल्डच्या खालून. केवढ्याने सूंऽऽ करतंय!

केवढ्याने.

आंबिल ओढ्याच्या काठचे रातकिडे
दोन पावसाळ्यांमागे गप्प झाले होते.
मी गिऱ्हाइकांना सांगत असे,
बांधकामं वाढली हो,
किडेसुद्धा राहीनात पुण्यात.

आरसा आणि बॅटरी घेऊन ती आत वाकली.
"इथे भोक बुजवलंय कुणीतरी.
सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब! वरून तांब्याची तार.
रबराचा पार पापड झालाय.
कुठल्या गाढवाने केलंय हे?"

मला आरशात तार दिसली.
दोन वेढे, पीळ उजवीकडे,
टोक आत दुमडलेलं,
पुढच्याच्या बोटाला लागू नये म्हणून.
अशी तार या शहरात एकच माणूस बांधतो.

तेव्हा बाईंच्या मुलीचं लग्न होतं, घाई होती,
आणि नाना पेठेत त्या मापाचं टोपण मिळेना.
मी म्हणालो होतो, तात्पुरतं आहे,
पुढच्या सर्व्हिसिंगला बदलू.
त्या मुलीची मुलगी आता कॉलेजात जाते.

"होता एक," मी म्हणालो.
"पक्कड घे. तूच सोड ती तार."

नवं टोपण चाळीस रुपये, क्लिप दहा.
आयडलचा स्क्रू अर्धा आटा मागे.
टप्पाच्या झाकणावर कपात राहिलेला चहा,
त्याच्यावरची साय हलेना.
बाईंनी बिल उलटं करून पाहिलं.
"मजुरी लिहायची राहिली."
म्हटलं, ती घेतलीय मी. मागेच.
बाईंनी चष्म्यावरून बघितलं, किल्ली घेतली,
आणि सिग्नल नसतानाही
कोपऱ्यावर मुद्दाम थांबून पाहिलं.

संध्याकाळी शटर ओढताना विचारलं,
काय गं, ओढ्याकडून काही ऐकू येतंय का?
"रातकिडे ना? डोकं उठवलंय मेल्यांनी."

मी कुलूप लावलं. दोनदा ओढून पाहिलं.
"हो ना," म्हणालो.